जेट्टीवरचा तीन नंबर

उमाला वाटलं होतं, मिरकरवाड्यातली माणसं कॉम्प्युटरला घाबरतील. त्यांची समजूत कशी घालायची, याची तिनं परतीच्या विमानात बसून वहीची आठ पानं लिहून काढली होती. प्रत्यक्षात घाबरलं कुणीच नाही. बर्फ कारखान्याच्या माडीवर खोका चढला, तशी बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं, चेअरमननी नारळ फोडला आणि सगळे म्हणाले, "हां, आता करा चालू." आठ पानं वहीतच राहिली. घाबरला तो एकच माणूस, रात्रपाळीचा वॉचमन धाकू. आणि तोही मशीनला नाही. मशीनच्या एका सवयीला.

तुम्ही पोरं आता इथं जेट्टीवर बसून बर्फाचा नंबर लावता. आपल्या मच्छीमार सोसायटीत मशीनं तीन. माडीवरचं एक नंबर, बर्फाच्या खिडकीवरचं दोन नंबर, आणि या मागच्या खोलीतलं चार नंबर. मगाशी हा रावजी विचारत होता, मग तीन नंबर कुठं बुडालं? रावजी, विचारलंस ते बरं केलंस. पण बुडालं म्हणू नकोस. बॅटरी विझव, सेल फुकट जातायत. बर्फ फुटायला अजून तासभर आहे. सांगतो.

मी तेव्हा सोसायटीत कारकून होतो. यातलं थोडं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, बाकीचं मला उमानं सांगितलं, आणि ती पोरगी खोटं बोलणाऱ्यातली नाही. आमच्या चिंतामणी मास्तरांची मुलगी ती. आधी खरगपूरला शिकली, मग दोन वर्षं कॅनडात. तिथली चांगली नोकरी चालून आली होती. ती बाजूला ठेवून परत आली. का, तर इथल्या लहान होड्यांना बर्फ वेळेवर मिळत नाही म्हणून. हसू नका. लहानपणी तिनं पाहिलं होतं, दोन रात्री जाळं ओढून आलेला माणूस खिडकीशी ताटकळतोय, मागून मोठ्या ट्रॉलरचा माणूस ओळखीवर पुढं घुसतोय, आणि इकडं होडीत बांगडा मऊ पडतोय. तिचं म्हणणं एवढंच, की होडी जेट्टीला लागली की नंबर तिथंच पडावा, त्याच क्षणी माडीवर पोचावा, आणि मग तो कुणाच्या बापाला पुढंमागं करता येऊ नये.

चेअरमन हरिश्चंद्रशेठनी तिला तीन महिने दिले होते. ते संपत आले होते. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता शेठ कमिटी घेऊन येणार. खिडकीवरचा आकडा माडीवर दिसला तर ठीक. नाहीतर दुपारच्या ट्रकनं सगळी मशीनं मुंबईला परत. कॅनडाचं पत्र उमाच्या टेबलाच्या खणात पडून होतं. तेही उत्तर मागत होतं.

आदल्या दिवशीची ही गोष्ट. गेल्या वर्षीची, अठ्ठ्याऐंशी सालातली. डिसेंबरची आठ तारीख, गुरुवार, कार्तिकातली अमावास्या.

संध्याकाळी साडेपाचला उमा सायकल काढून लवूच्या रेडिओच्या दुकानात गेली. तिला शंभर ओहमचे दोन रेझिस्टर हवे होते.

"एवढी शिकून आलीस आणि चार आण्याच्या मालासाठी माझ्या दारात?" लवू म्हणाला.

"मुंबईवाल्यांनी तारेची दोन टोपणं पाठवायची, तर एकच पाठवलं. दुसरं मीच बनवते."

"तारेला टोपण कशाला?"

"लवूदादा, त्या तारेतून सेकंदाला एक कोटी टिंबं धावतात. टोक मोकळं राहिलं तर टिंबं तिथं आपटून माघारी फिरतात, आणि पुढून येणाऱ्यांच्या अंगावर आदळतात. मग काहीच धड पोचत नाही."

"म्हणजे शिमग्यात एका बोळात दोन पालख्या समोरासमोर आल्या, तसं म्हण की." लवूनं रेझिस्टर कागदात बांधले. "पैसे राहू देत. तुझं चाललं तर माझ्या भावाच्या होडीला बर्फ दे."

"सगळ्यांना देणार. नंबरानं."

"हे बघ, पुन्हा सुरू झाली मास्तरांची पोर!"

माडीवर येऊन तिनं दोन्ही रेझिस्टर जोडून डाग दिला आणि पितळी टोपण तयार केलं. आता ते लावायचं होतं तारेच्या टोकाला. आणि टोक होतं इथं, या खोलीत. काळी तार माडीवरच्या मशीनपासून निघून खाली बर्फाच्या खिडकीवर यायची आणि तिथून कंपाऊंडच्या भिंतीवर खिळे मारत मारत थेट जेट्टीपर्यंत. या खोलीत तेव्हा मशीन आलं नव्हतं. ते पुढच्या महिन्यात यायचं. नुसती आठ वाव जादा तार गुंडाळून खुंटीला टांगली होती, टोक मोकळं.

खोलीची चावी धाकूच्या कमरेला.

"धाकूदादा, चावी द्या. दोन मिनिटांचं काम."

"आज नाय."

"का?"

"अवस हाय. दिवेलागण झाल्यावर ते दार उघडत नाय मी. सकाळी घे."

"अकराला शेठ यायचेत हो!"

"अकराच्या आधी सकाळ होते गो बाय," धाकू म्हणाला आणि कंदिलाची काच पुसायला बसला.

उमा चडफडली, पण म्हाताऱ्याशी वाद घालून उपयोग नव्हता. टोपण तिनं पर्समध्ये टाकलं आणि बाकीचं काम उरकायला घेतलं. माडीवरच्या मोठ्या मशीनमध्ये घालायचं नेटवर्कचं कार्ड त्याच दुपारी एसटीच्या पार्सलनं आलं होतं. हिरवी पट्टी, तळहाताएवढी, तिच्यावर काळे किडे बसल्यासारखे चिप. रात्री दहाच्या सुमारास तिनं मशीनचं झाकण काढलं. कार्डाला हात लावण्याआधी तिनं मशीनच्या पत्र्यावर तळवा टेकला.

धाकू चहा घेऊन आला होता. "नमस्कार करतंस त्याला?"

"अंगातली वीज उतरवते. नाहीतर कार्ड जळेल."

"आमच्यात अंगातलं उतरवायला भगत लागतो. तुझं बरं, पत्र्यावर भागतं."

उमा हसली. कार्ड खाचेत बसवलं, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, स्क्रू आवळला. पहिल्यांदा चालू केलं तर मशीन गोठलं. तासभर गेला. मग लक्षात आलं, मशीनच्या मेंदूला हाक मारायची जी घंटा या कार्डानं धरली होती, तीच बर्फाच्या वजनकाट्याकडून मशीनला आलेल्या तारेनं आधी धरलेली होती. तिनं कार्डावरची इवलीशी पिन चिमट्यानं उपटून शेजारच्या खुंटीवर बसवली. पुन्हा चालू केलं. कार्डाच्या पाठीचा हिरवा दिवा लागला. तिनं टाळी वाजवली.

"आता बघा," ती धाकूला म्हणाली. "हे एक नंबर. खिडकीवरचं दोन. जेट्टीवरचं येईल ते तीन. ज्याला काही सांगायचं असेल, तो आपला नंबर सांगून हाक मारणार. हे ओ देणार. मग बोलणं सुरू. मी प्रोग्रॅममध्ये शब्दही आपलेच ठेवलेत. इंग्रजी अक्षरांत, पण हाक आणि ओ."

"किती हाकांनी ओ देतं?"

"म्हणजे?"

"किती हाका मारायच्या, मग ओ देतं?"

"पहिल्याच हाकेला! त्यासाठी तर एवढं महागाचं कार्ड. डोळ्याचं पातं लवायच्या आत."

धाकूनं कपबशी खाली ठेवली.

"तिसऱ्या हाकेला द्यायला शिकव."

"अहो, मग वेग कसला?"

तेव्हा धाकूनं तिला सांगितलं. तुम्हाला माहीत आहेच. रात्री आत येणारी होडी जेट्टीला तीन हाका मारते, तिसऱ्या हाकेला इथला माणूस दोर टाकतो. आधी नाही. पाण्यावरचं जे माणूस नसतं, ते दोनदाच बोलावतं. तिसरी हाक त्याला जमत नाही. त्याला ओ दिली, दोर टाकला, की दुसरं टोक कुणाच्या हातात गेलं ते सांगता येत नाही. उमानं मान डोलावली, पण मनात हसली. हे सगळं तिनं आजोळी ऐकलेलं होतं.

"माझा भाऊ रघू," धाकू म्हणाला. "अकरा वर्सं झाली. डावरा होता. त्याची गाठ उलटी पडायची, कुणाला सुटायची नाय. अशीच अवस. मी जेट्टीवर. काळोखातून हाक आली. मग दुसरी आली. आवाज त्याचाच वाटला. मी दोर हातात घेऊन उभा... तिसरीची वाट बघत."

"मग?"

"सकाळी होडी मिळाली. रिकामी."

धाकूनं कपबशी उचलली, कंदील घेतला. "मी खाली कॉम्प्रेसर बघून येतो," म्हणाला आणि जिना उतरून गेला.

उमाचं मन लागेना. बारा वाजून गेले होते. भरती पुरी भरली होती, भिंतीखाली पाणी थापा मारत होतं. तिनं प्रोग्रॅम चालू करून ठेवला. टोक मोकळं होतं तोवर तारेतून काही जाणार नव्हतं, तिला ते ठाऊक होतं. खिडकीवरचं मशीन तर तिनं बंदच ठेवलं होतं. नुसतं कार्ड रात्रभर तापवून बघावं, एवढाच हेतू. पडद्यावर एक ओळ होती. एक नंबर, तयार.

बारा वाजून एकोणीस मिनिटांनी दुसरी ओळ उमटली.

तीन नंबर. हाक.

आणि लगेच, डोळ्याचं पातं लवायच्या आत, तिसरी.

एक नंबर. ओ.

उमा खुर्चीत पुढं सरकली. मोकळ्या टोकाचा कचरा असणार, असं तिला वाटलं. पण कचरा असा येत नाही. तो तुटकाफुटका येतो. हे अक्षर न् अक्षर नीट होतं. आणि तीन नंबरचं मशीन... ते अजून मुंबईच्या गोदामातून निघालंही नव्हतं.

तिनं पर्समध्ये हात घालून बघितलं. टोपण होतं.

मग लांबून आवाज आला. टक्.

जेट्टीच्या बाजूनं. भिंतीवरून.

टक्... टक्...

तारेचे खिळे. एकामागून एक उपटत होते. कंपाऊंडच्या भिंतीवरून इकडं. बर्फाच्या खिडकीपाशी. जिन्याशी. माडीच्या चौकटीशी.

टक्.

टेबलामागची तार सैल लोंबत होती. ती हळूहळू वर उचलली गेली. ताठ झाली. दोरासारखी.

मशीन टेबलावर बोटभर सरकलं.

उमानं दोन्ही हातांनी मशीन धरलं. तार ओली नव्हती, पण गार होती. बर्फाइतकी गार. ओढ थांबत नव्हती. झटका नाही, हिसका नाही. होडीचं वजन असतं तशी. सावकाश. मशीन आणखी सरकलं. कडेला आता चार बोटं उरली होती. ते पडलं तर उद्याचं सगळं संपलं. शेठ, कमिटी, नंबर, सगळं. तारेचा जोड नुसता पाव वळसा फिरवला की सुटतो. तिनं त्यावर बोटं ठेवली.

तेवढ्यात बाहेरून, पाण्यावरून...

"ए जेट्टीऽऽ... दोर..."

पुरुषाचा आवाज. दमलेला.

उमाची बोटं जोडावर तशीच राहिली. दारात काहीतरी हललं. धाकू. कंदील त्याच्या हातात डुलत होता. तो तिच्याकडं बघत नव्हता. तारेकडं बघत होता.

"दोर..."

दुसरी.

मग काही नाही.

दोघं ऐकत उभे. पाण्याची थाप. पुन्हा थाप. मशीन कडेला आलं. दोन बोटं.

तिसरी येत नव्हती.

"दादा, मी सोडते," उमा कुजबुजली. "सोडू का? दादा..."

"सोडू नको."

धाकूनं कंदील जमिनीवर ठेवला. पुढं झाला. दोन्ही हातांनी ती काळी तार धरली, टेबलाच्या पायाला एक वेढा दिला, जसा आपण खुंट्याला देतो तसा. आणि पाय रोवून मागं झुकला. साठीचा माणूस. त्याच्या दंडाच्या शिरा उमाला दिसत होत्या.

त्याचे ओठ हलले. मग त्यानं मान खिडकीकडं वळवली. आणि छाती भरून...

"ओऽऽ!"

तार तशीच ताठ राहिली. एक क्षण. दोन.

मग सैल पडली.

धाकू टेबलाच्या पायाशी खाली बसला होता, तार मांडीवर घेऊन. उमा म्हणाली, "मी ओ दिली नव्हती, दादा. मी तोंडही उघडलं नव्हतं."

धाकूनं पडद्याकडं बोट केलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण ओळी मोजता येत होत्या.

"त्यानं दिली. पहिल्याच हाकेला," तो म्हणाला. "म्हणजे दोर त्यानंच टाकला."

उजाडेपर्यंत दोघं तिथंच बसून होते. सहा वाजता मी आलो, तेव्हा दिवे चालू आणि दोघांचे चेहरे असे, की मी सायकलला कुलूप न लावताच वर धावलो. तिघं मिळून खाली उतरलो. भिंत बघितली. एकही खिळा हलला नव्हता. माडीपासून जेट्टीपर्यंत तार जशी मी स्वतः उभं राहून मारून घेतली होती, तशीच. मी म्हटलं, "उमा, झोप नाही झालेली तुझी." ती तशीच खोलीकडं चालू लागली.

खोलीला कुलूप होतं. धाकूनं कमरेची चावी काढून ते उघडलं. खुंटीवर तारेचं भेंडोळं नव्हतं.

तार खिडकीच्या गजातून बाहेर गेली होती. फरशीवरून. जेट्टीच्या पायऱ्यांपर्यंत. आणि तिथं, दोर बांधायच्या लोखंडी खुंट्याला, तिचं टोक बांधलेलं होतं. घट्ट. होडी रात्री लागल्यावर बांधतात तसं. मी खाली वाकून बघितलं. या जेट्टीवर चाळीस वर्षं गाठी बघतोय मी. ती उलटी पडलेली होती.

धाकू तिथंच पायरीवर बसला. गाठीला त्यानं हात लावला नाही. हात जवळ नेला आणि परत घेतला.

उमा त्याच्याशेजारी बसली. "धाकूदादा, चुकलं माझं. तुम्ही सांगत होतात. मी आत्ता वर जाते आणि प्रोग्रॅम बदलते. तिसऱ्या हाकेशिवाय ओ देणार नाही ते. एका आकड्याचं तर काम आहे."

"नको," धाकू म्हणाला.

"पण तुम्हीच..."

"अकरा वर्सं मी तिसऱ्या हाकेची वाट बघतोय गो." त्याची नजर पाण्यावर होती. ओहोटी लागली होती, पायऱ्या शेवाळासकट उघड्या पडत होत्या. "पाण्यातल्या माणसाला तिसरी हाक मारायला दम कुठला? मला तेव्हा हे कळलं नाय. तुझ्या मशीनला कळलं."

उमा उभी राहिली. मी तिला लहानपणापासून ओळखतो. शाळेच्या निबंधात पहिला नंबर आला, तेव्हाही ती अशीच उभी होती, मुठी आवळून. मग तिनं पर्समधून ते पितळी टोपण काढलं. मला वाटलं, आता गाठ सोडवणार. नाही. ती गुडघ्यांवर बसली, गाठीच्या खाली जो वीतभर शेपटा लोंबत होता, त्याच्या टोकाला टोपण लावलं आणि पाव वळसा फिरवून बसवलं. गाठ तशीच ठेवली.

वर आलो. तिनं खिडकीवरचं मशीन चालू करायला मला खाली पाठवलं. मी सतरा आकडा दाबला. माडीवरून तिची हाक आली, "आला, भिकाजीकाका! सतरा!" तारेत गाठ असतानाही आला. ती अजून आहे, तो बघा खुंटा. नाही, रावजी, हात लावायचा नाही.

मी वर गेलो तेव्हा ती प्रोग्रॅम उघडून बसली होती. किती हाकांनी ओ द्यायची, तिथं एकचा आकडा होता. तो तिनं तसाच ठेवला. खाली मशीनांची यादी होती. एक नंबर, माडी. दोन नंबर, खिडकी. तीन नंबर, जेट्टी. तिनं 'जेट्टी' खोडलं आणि खालच्या ओळीत चार नंबरासमोर लिहिलं. तीनपुढची जागा रिकामी राहिली.

"शेठ विचारतील," मी म्हटलं. "तीन कुठं गेला म्हणून. काय सांगायचं?"

तिनं टेबलाचा खण उघडला, कॅनडाचं पत्र काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नंबरांची यादी ठळक अक्षरांत उतरवून भिंतीला चिकटवली. एक, दोन, चार. मग थोडं थांबून, मधल्या ओळीत तिनं तीन लिहिलं. आणि त्याच्यापुढं एक शब्द.

राखीव.